पान क्रमांक तेवीस

मी आमदारसाहेबांचा कार्यअहवाल बोलतोय. अहवाल बोलायला लागला की लोक भराभर पानं उलटतात, हे मला ठाऊक आहे. उलटा, माझी ना नाही. फक्त तेविसाव्या पानावर थांबा. तिथं थांबायला मला एका बाईनं शिकवलं आणि तेव्हापासून मी कोणाचंच ऐकत नाही. ज्यांनी मला छापलं त्यांचंही नाही.

पानं चौसष्ट, कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. मुखपृष्ठावर आमच्या शहराचे आमदार रत्नदीपभाऊ दोन्ही हात जोडून उभे. वर ठळक अक्षरांत, 'पाच वर्षं विश्वासाची'. वर्धा जिल्ह्यातलं हे शहर काही फार मोठं नाही. आर्वीची गाडी येते, समुद्रपूरची येते, सकाळी बसस्टँडवर गर्दी होते आणि दुपारी दुकानदार गल्ल्यावर बसून डुलक्या घेतात. पण माझी पानं चाळली तर वाटेल, की केवढं हे शहर आणि केवढी इथली कामं!

माझा जन्म बसस्टँडमागच्या एका छापखान्यात झाला. संगणकावर माझी पानं लावत होता गजेंद्र. त्याच्या खुर्चीमागं उभे होते भाऊंचे पीए, प्रफुल. एका कानाला मोबाईल, दुसरा कान गजेंद्रकडे.

"प्रफुलभाऊ," गजेंद्रनं विचारलं, "यादीत मंजूर कामं येगळी देल्ली अन् झालेली येगळी. दोन मथळे करू का?"

"अबे, दोन मथळे केले तं पानं वाढतात. मंजूर झालं म्हणजे होणारच आहे न एक दिवस? टाक सगळे 'पूर्ण'मध्ये."

"अन् ह्या नालीचा फोटो नाई आला."

"घे न इंटरनेटवरून एखादी चांगली नाली. नाली म्हणजे नाली. तिले काय चेहरा राह्यते?"

झालं. दोन मिनिटांचं बोलणं. कोणी वाईट मनानं केलं असंही मी म्हणणार नाही. दोघांनाही जेवायला उशीर होत होता. पण त्या दोन मिनिटांत माझ्या तेविसाव्या पानावर जे छापलं गेलं, ते घेऊन मला जगात यावं लागलं.

आता माझ्यात खरं काहीच नाही, असंही नाही. सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या मशिनी आल्या, त्या खऱ्या. स्पर्धा परीक्षांच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका झाली, तीही खरी. पंखे फिरतात तिथं. विधानसभेत भाऊंनी कापसाच्या खरेदीवर प्रश्न विचारला, तो शब्दन् शब्द माझ्या अठ्ठावन्नाव्या पानावर आहे. पण भाऊंचा जीव कशात आहे, ते विचाराल तर माझे फोटो बघा. चौकातली कमान तीन पानं. सिमेंटचे गट्टू बसवलेला रस्ता दोन पानं. बागेतली बाकं, बाकांवर भाऊंचं नाव, नावासमोर भाऊ. नाली मात्र जमिनीखालची वस्तू. तिच्या उद्घाटनाला फेटा बांधून उभं राहिलं तरी फोटोत फेटाच दिसतो. म्हणून तिला मिळाली एक ओळ आणि कुठल्यातरी परक्या गावाचा फोटो.

आम्ही हजारो भावंडं गठ्ठ्यांत बांधून वॉर्डावॉर्डात गेलो. आमचा गठ्ठा गेला प्रभाकरराव झाड्यांकडं. प्रभाकररावांचं नवजीवन वसाहतीत गल्लीच्या टोकाला किराणा दुकान आणि मागं घर. भाऊंचे जुने कार्यकर्ते. त्यांनी स्कूटरवर हिंडून घरोघरी आम्हाला दिलं.

माणसांची एक गंमत मी तेव्हाच पाहिली. अहवाल हातात आला की माणूस आधी स्वतःला शोधतो. "हे पाहा, भाऊच्या मांगं माया हात दिसून राह्यला!" "कुठं?" "अवो, घड्याळवाला!" हात सापडला की अहवालाचं काम संपलं. माझ्या भावंडांपैकी कोणी लोणच्याच्या बरणीवर गेलं, कोणी शाळेच्या वहीचं कव्हर झालं. एक गठ्ठा समोसेवाल्याकडं गेला, पण त्यानं परत पाठवला. म्हणाला, "हा कागद तेल पीत नाई."

मी गेलो सुलोचनाबाईंकडं, आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

सुलोचनाबाई सातवी शिकलेल्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त, दिवसभर पेपरातलं कोडं सोडवतात. बाई साड्यांना फॉल-पिको करून देतात. त्यांची शिलाई मशीन खिडकीशी, आणि त्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. कोणाकडं पाहुणे आले, कोणाच्या पोरीनं केस कापले, कोणाच्या सिलेंडरची गाडी चुकली, सगळं त्यांना मशीन न थांबवता कळतं. लोक म्हणतात, भारी चौकशा बाई आहे. आहेच. पण त्याच बाई आजाऱ्याच्या घरी न सांगता डबा घेऊन जातात, हेही लोकांना ठाऊक आहे. आणि त्यांना वाचायचा नाद. भाजीच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून, दोन्ही बाजूंनी वाचून मग टाकतात.

माझं पहिलं पान ते चौसष्टावं पान नीट वाचणारी त्या शहरात एकटी सुलोचनाबाई. छापणाऱ्यांनीही वाचलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. मशीन चालू होती, मी मशीनवर उघडा होतो. तेविसावं पान आलं आणि मशीनच्या पायडलवरचा बाईंचा पाय थांबला.

"अवो ऐकलं का!" त्या यजमानांवर ओरडल्या. "शोभाचं नाव छापून आलं!"

आणि मला घेऊन तशाच चपला घालून पळाल्या.

आमच्याकडं गल्लीतल्या कामांना नाव द्यायची एक पद्धत आहे. गल्लीला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही, म्हणून अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत असं लिहितात. सरकारी कागदावर नाव यायला माणसाला एरवी जन्मावं नाहीतर मरावं लागतं. इथं नुसतं कोपऱ्यावर घर असलं तरी पुरतं. आणि शोभाबाई उईक्यांचं घर होतं गल्लीच्या सुरुवातीला.

सुलोचनाबाई पळाल्या खऱ्या, पण शोभाबाईंच्या दारासमोर येऊन त्यांना थांबावं लागलं. कारण मध्ये नाली होती.

त्या नालीचं सांगतो. त्या दिवसाच्या दहा महिने आधी भाऊंनी तिथं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. घरांसमोरच्या जुन्या फरश्या उचलून नेल्या, चार फूट रुंद चर खणला, आणि यंत्र गेलं ते गेलंच. आमची काळी माती. तिच्या कडा रोज थोड्या ढासळतात. लोकांनी जाण्यायेण्यासाठी आपापल्या घरासमोर फळ्या टाकल्या. शोभाबाई शाळेत पोषण आहार शिजवायला जात. आठवड्याभरातच, सकाळी शाळेत जाताना त्यांच्या पायाखालची फळी सरकली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चाकाची खुर्ची आली. मुलगी सपना कापडाच्या दुकानात कामाला, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं गोळा करून खुर्चीसकट उचलायचं. बाकी सगळे दिवस शोभाबाई दारात बसतात आणि चार फुटांपलीकडचा रस्ता पाहतात.

लोकांनी दोनदा फरशी टाकून पाहिली होती. कडाच बसतात, फरशी तिरपी होते. खुर्ची त्यावरून जात नाही. आणि फळीचं नाव काढलं की शोभाबाई म्हणतात, "फळीवरून एकदा गेली, तेवढं बस झालं."

सुलोचनाबाईंनी साडी सावरली, फळी ओलांडली आणि मला शोभाबाईंसमोर धरलं.

"पाह्य व शोभा, तुयं नाव! आमदाराच्या पुस्तकात!"

शोभाबाईंचा चेहरा उजळला. "वाच न माय. चष्मा आत आहे माया."

सुलोचनाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "नवजीवन वसाहत येथे शोभाबाई उईके यांच्या घरापासून प्रभाकरराव झाडे यांच्या घरापर्यंत बंद नाली बांधकाम..." आणि आवाज हळू झाला. "...पूर्ण."

खाली नालीत डुकराचं एक पिल्लू चिखल उकरत होतं.

"काय म्हणते?" शोभाबाईंनी विचारलं.

"पूर्ण म्हणते."

"कोणती नाली पूर्ण?"

"हेच व. तुया घरापासून."

"मंग मी बाहेर काऊन नाई जाऊन राह्यली?"

सुलोचनाबाईंनी फोटो निरखला. छान झाकलेली नाली, बाजूला हिरवळ, मागं नारळाची झाडं. "अन् हे नारळाचे झाडं कुठं आहेत व आपल्या गल्लीत? आपल्याकडं तं कडुनिंब जगवता जगवता जीव जाते!"

शोभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतलं. पोषण आहाराच्या कढया उचलून उचलून घट्टे पडलेला हात. आपल्या नावावर त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मले न विचारता मायं नाव घेतलं. अन् त्याच नावावर खोटं बोलले."

मला लाज वाटली, मी खरं सांगतो. कागदाला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई मला पिशवीत घालून नगरपरिषदेत गेल्या. तिथले अभियंता साहेब चांगले होते, बसा म्हणाले. संगणकात पाहिलं.

"बाई, काम पूर्ण दाखवून राह्यलं. आमदारसाहेबांच्या ऑफिसातून यादी आली, तशीच भरली."

"साहेब, तुमचा संगणक कोण्या गल्लीत राह्यते? आमच्या गल्लीत या म्हणा त्याले."

साहेब हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "पूर्ण झालेलं काम पुन्हा घेता येत नाही. निवेदन दिलं तर मी त्यावर 'काम पूर्ण' एवढंच लिहू शकतो. हे काम आमदारसाहेबांच्या निधीतलं. त्यांनी स्वतः लिहून दिलं की काम झालेलं नाही, तरच मी ते परत उघडतो."

"त्यांनी लिहून द्याचं? स्वतःच्या हातानं, का मी नाई केलं?"

"हो."

"असं कोण लिहून देते साहेब?"

"म्हणून तर सांगून राह्यलो बाई, नादी लागू नका."

चुकलंच साहेबांचं. सुलोचनाबाईंना नादी लागू नका म्हणणं म्हणजे त्यांना नाद लावून देणं.

त्या दिवसापासून मी गल्लीत हिंडू लागलो. पिकोला साडी घेऊन बाई आली की सुलोचनाबाई मशीन थांबवून तेविसावं पान दाखवायच्या. "वाच." आधी बाई हसायची, मग चिडायची, मग घरी जाऊन दिराला सांगायची. पंधरा दिवसांत वसाहतीतल्या लहानथोरांना पान क्रमांक तेवीस पाठ झालं.

ते प्रभाकररावांच्या कानावर गेलंच. एका संध्याकाळी ते आले, ओसरीत बसले, पाणी प्यायले.

"वहिनी, हे बरं नाई. निवडणूक तोंडावर आहे. भाऊ आपले आहेत."

"आपले आहेत म्हणूनच तं बोलून राह्यली भाऊजी. परक्याले कोण सांगते?"

"होते चूक. छापखान्याची चूक आहे ते."

"मंग दुरुस्त करा."

"करू न निवडणुकीनंतर."

"प्रभाकरभाऊजी, ह्या ओळीत तुमचंही नाव आहे. शोभाच्या घरापासून तुमच्या घरापर्यंत. तुमच्या दारात जुनी पक्की नाली आहे, तुमाले काई नाई. पण तुमचं नाव तिच्या नावासंगं बांधलं न सरकारनं? आता एक टोक बुडून राह्यलं अन् दुसरं टोक दुकानात बसून राह्यलं!"

प्रभाकररावांनी पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि निघून गेले. आठ दिवस त्यांच्या दुकानातून सुलोचनाबाईंना साखर मिळाली, पण गप्पा मिळाल्या नाहीत. बाईंना साखरेपेक्षा गप्पांची सवय जास्त.

मग माझ्यावरच बेतलं.

प्रफुल आले. गाडीत नव्या अहवालांचे गठ्ठे, सोबत भिंतीवरची घड्याळं. घड्याळाच्या तबकडीत भाऊंचा फोटो, काटे भाऊंच्या नाकातून निघालेले. "सुधारित आवृत्ती आली ताई. जुना द्या, नवीन घ्या, संगं घड्याळ." घरोघरी जुने अहवाल गोळा करत ते आमच्या दारात आले.

"जुना आहे न ताई?"

"आहे."

"द्या मंग."

"नाई देत."

"काय करता त्याचं?"

"वाचते."

"मंग नवीन वाचा न! कागद आणखी भारी आहे."

सुलोचनाबाईंनी नवा अहवाल हातात घेतला, थेट तेविसावं पान काढलं. तिथं योग दिनाचा फोटो होता. शे-दोनशे माणसं आडवी पडलेली. नाली गायब. शोभाबाई गायब.

"ह्याच्यात शोभाचं नाव नाई."

"चूक होती ताई, काढून टाकली."

"म्हणजे नाली केली नाई, नाव काढलं?"

प्रफुल हसायचा प्रयत्न करत पुढं झाले आणि मशीनवर पडलेला मी त्यांनी उचलला. बाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं. क्षणभर मी दोघांच्या मध्ये ताणलो गेलो. मग फाटल्याचा आवाज. मुखपृष्ठाचा अर्धा तुकडा प्रफुलच्या हातात राहिला. त्यात भाऊंचे जोडलेले हात होते. भाऊ माझ्याकडं उरले, हात त्यांच्याकडं गेले.

"ते घेऊन जा," बाई म्हणाल्या, "नमस्काराचं काम तुमचंच आहे. अन् घड्याळही न्या. आमाले ठाऊक आहे किती वाजले ते. शोभाच्या दारात अकरा महिने वाजले."

आठवड्याभरानं समाजभवनात भाऊंचा जनसंवाद ठरला. आमच्याकडं नेता आला की दारात पाच सुवासिनी त्याचं औक्षण करतात. त्या बायांची नावं प्रभाकररावांनी ठरवायची होती. त्यांनी पहिलं नाव सुलोचनाबाईंचं टाकलं. त्यांचा हिशेब सरळ होता: मान दिला की बाई शांत होतील. आणि औक्षणाच्या वेळी कोण बोलतं? कुंकू लावायचं, दिवा ओवाळायचा, पाहुणा ताटात नोट टाकतो, झालं.

सकाळचे अकरा. मंडप भरलेला, मोबाईल वर धरलेले. भाऊ गाडीतून उतरले, डोक्यावर टोपी घालून दारात उभे राहिले. सुलोचनाबाईंचं ताट पितळेचं, घासून लख्ख केलेलं. त्यात कुंकू, अक्षता, दिवा, सुपारी. आणि सगळ्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेला मी.

बाईंनी कुंकू लावलं. नीट, मनापासून लावलं. बाई कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नाहीत. ओवाळलं. भाऊंनी खिशात हात घालून नोट काढली. बाईंनी ताटावर तळहात आडवा धरला.

"भाऊ, ओवाळणी मी मांगन ते द्यान का?"

"मांगा न ताई!" भाऊ सगळ्यांकडं पाहत मोठ्यानं म्हणाले. "बहिणीनं मांगावं अन् भावानं द्यावं!"

"एक ओळ लिहून द्या मंग."

रुमाल सुटला. मी फाटक्या तोंडानं, तेविसाव्या पानावर उघडा, दिव्याच्या शेजारी. भाऊंनी वाचलं. माणूस हुशार, वाचायला वेळ लागला नाही.

"आत बसून बोलू ताई."

"ओवाळणी दारातच देतात भाऊ. आत गेल्यावर तं भाषणं राह्यतात."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. भाऊंनी मान वळवली. "प्रफुल, हे झालं नाई?"

"भाऊ, प्रोसेसमध्ये आहे."

"मी हो का नाई विचारलं."

भाऊंची नजर पानावरच्या दुसऱ्या नावावर गेली. "प्रभाकरराव, तुमचं नाव आहे ह्याच्यात. तुमी सांगा. झाली का नाली?"

मला वाटलं, संपलं. वीस वर्षांचा कार्यकर्ता. याच दारात भाऊंचे बॅनर बांधून हाताला घट्टे पडलेले. प्रभाकररावांनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला, खाली पाहिलं, मग सुलोचनाबाईंकडं पाहिलं.

"नाई झाली भाऊ."

"एक फूटही?"

"खणली. बांधली नाई. शोभाबाई त्याच्यातच पडल्या."

भाऊ म्हणाले, "पाहिल्याशिवाय मी कसं लिहून देऊ?" सुटायची ती वाट होती, आणि एरवी ती चालूनही गेली असती.

"चला मंग," प्रभाकरराव म्हणाले. "दाखवतो."

पुढं प्रभाकरराव, मागं ताट घेऊन सुलोचनाबाई, मग भाऊ, मग अख्खा मंडप. दिवा विझू नये म्हणून बाईंनी पदर आडवा धरला होता.

शोभाबाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. एवढी माणसं पाहून त्या जरा दचकल्या, मग सावरल्या.

"या न भाऊ," त्या पलीकडून म्हणाल्या. "चहा घ्या."

भाऊंनी फळीकडं पाहिलं. खाली पाहिलं. पाय उचलला, फळी हलली, पाय मागं घेतला.

"भेव वाटलं?" शोभाबाईंनी विचारलं. चिडून नाही, साधंच. "मले अकरा महिन्यापासून वाटून राह्यलं."

भाऊंनी हात पुढं केला. प्रफुलनं पेन दिला. मागून आलेल्या गाडीच्या बोनेटवर मला ठेवलं, आणि भाऊंनी 'पूर्ण' या शब्दावर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'हे काम झालेले नाही. तातडीने करावे.' खाली सही, तारीख. लिहिताना पेन जोरात दाबला होता. सही चोविसाव्या पानावरही उमटली.

माझ्या चौसष्ट पानांत हातानं लिहिलेलं तेवढंच आहे. ते लिहून झाल्यावर मला कसं वाटलं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि मी तर शब्दांचाच बनलेला.

दोन दिवसांनी प्रफुल पुन्हा आले. म्हणाले, फाईलला लावायला मूळ प्रत पाहिजे. सुलोचनाबाईंनी त्यांना झेरॉक्स दिली. "मूळ राहीन माझ्याजवळ. तुमच्याकडं गेलं का त्याचा योग दिन होते."

काम सुरू झालं. ठेकेदाराचे हाल पाहवत नव्हते. खिडकीतून मशीनचा आवाज आणि मशीनच्या वरून बाईंचा. "अवो, सळई कमी बांधून राह्यले तुमी तिकडं!" "पाणी मारलं का सकाळी?" "फरशी दोन बोटं खाली बसली, उचला!" शेवटी ठेकेदार हात जोडून म्हणाला, "ताई, तुमीच सही करा आता बिलावर." प्रभाकरराव दुकान सोडून रोज दोनदा येऊन पाहून जायचे. साखरेसोबत गप्पाही परत सुरू झाल्या.

सिमेंट वाळलं तो दिवस आज आहे. म्हणून मी हे सगळं सांगायला बसलो.

सकाळी सपनानं दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढली. खुर्चीची चाकं घराच्या उंबऱ्यावरून उतरली, नव्या फरशीवर आली. मध्यावर शोभाबाई म्हणाल्या, "थांब." खाली पाहिलं. खाली नाली नव्हतीच दिसत, नुसती करडी, घट्ट फरशी. त्यांनी चपलेचं टोक दोनदा आपटून पाहिलं. मग म्हणाल्या, "चाल," आणि खुर्ची रस्त्यावर आली.

गल्लीतल्या बाया दारांत होत्या. सुलोचनाबाई डोळे पुसत होत्या आणि पुसत नाही असं दाखवत होत्या.

"कुठं न्यायचं सांग," त्या म्हणाल्या. "सपनाच्या दुकानात जायचं? का शाळेत? तुयी कढई वाट पाहून राह्यली असन."

"पुस्तक आनलं का?"

"माय, आता पुस्तक काऊन?"

"दे."

मी शोभाबाईंच्या मांडीवर आलो. त्यांनी आज चष्मा लावला होता. तेविसावं पान त्यांनी पाहिलं, रेघ मारलेला शब्द पाहिला, भाऊंची सही पाहिली. आणि पान उलटलं.

"भाजीबाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह," त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं. "पूर्ण."

सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "मी तं सोमवारीच गेलती बाजारात. मले नाई दिसलं."

"तू भाजीवालीशी गप्पा मारत असशीन."

"असन. पण एवढी मोठी वस्तू..."

"चाल मंग. दोघी पाहू."

दुकानातून प्रभाकररावांनी आवाज दिला. "अवो, आता कुठं निघाल्या तुमी?"

"बसा तुमी!" शोभाबाई म्हणाल्या. "ह्या पानावर तुमचं नाव नाई."

वर्षभर चार फुटांपलीकडचा रस्ता पाहणारी बाई आता त्याच रस्त्यावरून चालली आहे. मागून सपना खुर्ची ढकलतेय आणि मी शोभाबाईंच्या मांडीवर उघडा आहे. सुलोचनाबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे, पेन आहे. माझं मुखपृष्ठ अर्धं आहे, कोपरे मुडपलेत, दिव्याच्या तेलाचा एक डाग आहे. समोसेवाला काहीही म्हणो, मी तेल प्यायलो. मला कोणी रद्दीत घालायला निघालं तर मी जाणार नाही. चाळीस पानं अजून पाहायची राहिलीत.

तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा पडला असेल. त्यात स्वतःचा हात शोधून झाला असेल तर आता तुमच्या गल्लीची ओळ शोधा. सापडली की दार उघडून बाहेर या आणि बघा. बरोबर असेल तर ज्यानं केलं त्याला चांगलं म्हणा, लाजू नका. नसेल तर पेन घ्या.

बाजाराचं वळण आलं. कोबीचे ढीग दिसतायत, माणसं बाजूला होऊन खुर्चीला वाट देतायत. शोभाबाई मान उंच करून डावीकडं पाहतात, मग उजवीकडं.

"कुठं आहे व?" त्या विचारतात.

"नाई दिसत," सुलोचनाबाई म्हणतात, आणि पिशवीत हात घालतात.